क्रांती झाली, पण शहरात भाकरी कुठून येणार? (रशिया १९१७ ते १९३३)

कोरडवाहू

माझे आजोबा ज्वारीच्या लेव्हीची, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यखरेदीची, गोष्ट सांगायचे. भाव बाजारापेक्षा कमी, आणि किती माल घालायचा ते वरून ठरून आलेलं. पावसाने दगा दिला तरी आकडा फारसा हलत नसे. मग रात्री पेवं भरली जायची. ज्वारी पेवात, वर माती, मातीवर कडब्याची गंजी. आजोबांनी आयुष्यात कुणाचं कणीस तोडलं नाही. पण बी आणि वर्षाचं खाणं बाजूला काढल्याशिवाय कुणबी माप घालत नसतो, असं ते म्हणायचे.

गेली दोन वर्षं रशियन क्रांतीनंतरच्या काळाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि दर वेळी ते पेव आठवतं. क्रांतीनंतर समाज कसा उभारायचा ही चर्चा आपल्याकडे मालकीपासून सुरू होते. कारखाने कुणाचे, बँका कुणाच्या, जमीन कुणाची. रशियात हे प्रश्न कागदावर फार लवकर सुटले. बोल्शेविक पक्षाच्या हातात सत्ता आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबर १९१७ ला, जमिनीचा हुकूमनामा निघाला आणि जमीनदारांची मालकी भरपाईविना गेली. डिसेंबरात बँका, जून १९१८ मध्ये मोठे उद्योग. गाडं अडलं ते भाकरीपाशी.

जमीन प्रत्यक्ष वाटली ती खेड्यांनीच. गावसमाज, ज्याला तिकडे मीर म्हणत, घरातली खाणारी तोंडं मोजायचा आणि त्या हिशेबाने पट्टे पाडायचा. शतकांचा अन्याय फिटला, यात मला शंका नाही. पण बाजारात धान्य आणणारी मोठी शेतं त्याबरोबर मोडली. नवा पट्टेदार आधी स्वतः पोटभर खाणार, आणि का खाऊ नये? उरलेलं तो विकेल, पण कशाच्या बदल्यात? शहरात फाळ नव्हते, खिळे नव्हते, मीठ, रॉकेल, कापड काही नव्हतं. नोटा छापल्या जात होत्या आणि रुबलला किंमत उरली नव्हती.

मग बळ वापरलं गेलं. जानेवारी १९१९ पासून पद्धत अशी झाली की राज्याला किती धान्य लागेल ते वर ठरायचं, आणि तो आकडा प्रांत, जिल्हा, गाव असा खाली वाटला जायचा. शेतात किती पिकलं हा प्रश्न नंतरचा. कामगारांच्या हत्यारबंद तुकड्या वसुलीला जायच्या. शेतकऱ्यांनी खड्डे खणून धान्य पुरलं, आणि पुढच्या हंगामात पेराच कमी केला. पेट्रोग्राडची (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वस्ती १९१७ मध्ये सुमारे २३ लाख होती, १९२० मध्ये ती ७ लाखांच्या आसपास आली. ज्यांच्या नावाने क्रांती झाली ते कामगारच भाकरी शोधत गावाकडे परतले. तांबोव्ह प्रांतात शेतकरी उठले, मार्च १९२१ मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट तळावरचे नौसैनिक उठले. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने सक्तीची वसुली सोडून ठरावीक धान्यकर लावला. वसुलीचा आकडा ४२.३ कोटी पूड होता, कराचा २४ कोटी (एक पूड म्हणजे साधारण १६.४ किलो). राहिलेला माल शेतकऱ्याने विकावा. पण त्या वर्षी व्होल्गाकाठी पाऊस पडला नाही आणि कणग्या आधीच खरवडलेल्या होत्या. सुमारे ५० लाख माणसं गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेतकरी आणि कामगार एकमेकांना काय देणार आणि कोणत्या मापाने, हे आधी ठरलं नाही तर बाकीची सगळी रचना त्या पेवात गाडली जाते. हे पटतं का, आणि नसेल तर का नाही, ते लिहा.

गिरणगावकर

मनापासून लिहिलंय तुम्ही. पण सगळं शेताच्या बांधावरून बघताय, म्हणून गिरणीच्या फाटकातून दिसतं ते सांगतो.

माझे वडील त्रासन खात्यात (सूतकताईत) होते. मालकाला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. त्यांच्यावर राज्य होतं ते जॉबरचं, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाचं. बदली काम कुणाला द्यायचं, कुणाला फाटकावरून परत पाठवायचं, सगळं त्याच्या हातात. म्हणून गिरणी सरकारने घेतली तर काय होईल असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं होतं की जॉबर कोण नेमणार?

२७ नोव्हेंबर १९१७ चा कामगार नियंत्रणाचा हुकूम नेमका याच प्रश्नाला हात घालत होता. निवडून आलेल्या समित्यांना हिशेबाच्या वह्या, साठा, मागण्या सगळं बघायचा हक्क मिळाला, व्यापारी गुपित हा प्रकारच रद्द झाला. पुढे काय झालं? कोळसा नाही, कच्चा माल नाही, प्रत्येक कारखान्याची समिती आपल्यापुरतं मिळवायला धावली. मार्च १९१८ मध्येच रेल्वेत समित्यांच्या वर एकहाती अधिकार आले. १९२० पर्यंत कारखान्यात एकाच व्यवस्थापकाचा शब्द चालावा हे पक्षाचं धोरण झालं. जॉबर वरून नेमला जाऊ लागला.

यावर तिथे जोरदार वाद झाला. बोल्शेविक नेता त्रोत्स्कीचं म्हणणं होतं की राज्यच कामगारांचं आहे, तर कामगार संघटना राज्ययंत्रणेचाच भाग व्हाव्यात. श्ल्याप्निकोव्ह आणि कोलोन्ताय यांच्या गटाला (पक्षातच राहून कामगारांच्या बाजूने नेतृत्वाला विरोध करणाऱ्या) उद्योगांचा कारभार उत्पादकांनी निवडलेल्या मंडळांकडे हवा होता. लेनिनने मधली भूमिका घेतली: कामगारांना त्यांच्याच राज्यापासूनही संरक्षण लागतं, म्हणून संघटना वेगळ्या हव्यात. मला स्वतःला यात सर्वांत खरी वाटते ती दुसरी, श्ल्याप्निकोव्ह-कोलोन्ताय यांची बाजू.

तुम्ही दहाव्या अधिवेशनाचा उल्लेख केलात, पण निम्माच. ज्या अधिवेशनाने शेतकऱ्याला माल विकायची मोकळीक दिली त्याच अधिवेशनाने पक्षातल्या गटांवर बंदी घातली. शेतकऱ्याला बाजार मिळाला आणि त्याच आठवड्यात कामगाराचा आवाज गेला. पुढे १९२८-२९ मध्ये तुमच्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं काही चाललं नाही, त्याचं मूळ इथे आहे.

अवांतर: कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८०च्या दशकाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतली होती. सुरुवातीची वर्षं बरी गेली, पुढे भांडवलाअभावी ओढाताण झाली. पण बंद पडलेला कारखाना कामगार चालवू शकतात हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलंय.

शाळामास्तर

एक शंका. धान्यकरानंतर जे आलं त्यालाच नेप म्हणतात ना? त्यात कारखाने पुन्हा खासगी झाले का?

कोरडवाहू

हो मास्तर, नेप म्हणजे नवं आर्थिक धोरण. बँका, रेल्वे, परदेशी व्यापार, मोठे कारखाने राज्याकडेच राहिले. छोटे कारखाने भाड्याने दिले, किरकोळ व्यापार मोकळा झाला, शेतकऱ्याने कर भरून उरलेला माल विकायचा. १९२६-२७ पर्यंत शेती आणि उद्योग युद्धापूर्वीच्या पातळीवर आले होते.

गिरणगावकर, गटांवरची ती बंदी मी मुद्दाम गाळली नव्हती, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या हे खरं. रात्रभर त्याच विचारात होतो.

मृण्मयी_सातारा

दोघांचं वाचलं. एक बांधावरून बघतोय, एक फाटकातून. मी चुलीपासून बघते.

डिसेंबर १९१७ मध्ये नोंदणी विवाह आणि घटस्फोटाचे हुकूम निघाले. ऑक्टोबर १९१८ च्या कुटुंब कायद्याने लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना बरोबरीचे हक्क दिले. नवरा-बायकोने कोणाचंही आडनाव लावावं. १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. हे सगळं तेव्हा जगात कुठे होतं? कोलोन्ताय आणि पक्षाच्या महिला विभागातल्या बायका एक साधी गोष्ट सांगत होत्या, की स्वयंपाक, धुणं आणि पोरं ही तीन कामं घराबाहेर निघाल्याशिवाय बाईला क्रांतीचा उपयोग नाही. म्हणून सार्वजनिक भोजनगृहं, धुलाईघरं, पाळणाघरं.

कोरडवाहू, तुम्हाला नेप म्हणजे सुटकेचा श्वास वाटतो. आता त्याची दुसरी बाजू ऐका. नेपमध्ये प्रत्येक संस्थेने आपला खर्च आपण भागवायचा असं ठरलं. मग सगळ्यांत आधी काय बंद पडलं? पाळणाघरं आणि भोजनगृहं. कारखान्यातून आधी कोण निघालं? बायका. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी ८ आणि नंतर ८ आठवडे पगारी रजा कायद्याने होती, त्यामुळे व्यवस्थापकाला ती महाग वाटायची. कायदा जितका चांगला तितकी तिला कामावर घ्यायची टाळाटाळ जास्त.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. १९१८ च्या कायद्यात नवरा-बायकोची संपत्ती वेगवेगळी धरली होती. हेतू चांगला होता, लग्नाने बाईचं काही नवऱ्याचं होऊ नये. पण ज्या बाईने वीस वर्षं घर राबून चालवलं तिच्या नावावर काय असणार? घटस्फोट झाला की ती रिकाम्या हाताने बाहेर. ही चूक त्यांच्या लक्षात आली आणि १९२६ च्या कायद्यात लग्नानंतरची कमाई सामाईक धरली गेली. खेड्यात तर घर म्हणजे एक घोडा आणि एक गाय. बाईचा वाटा कायद्याने मान्य, पण गाय कापून कशी वाटायची?

तेव्हा माप कोणतं, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. फक्त त्या मापात चूल धरा. माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिला मिळायचं ते मानधन, पगार नाही. म्हणजे ते काम मापातच नाही.

ताळेबंद

चर्चा उत्तम सुरू आहे. मी आकड्यांचा माणूस आहे, म्हणून हिशेबाच्या बाजूने लिहितो.

१९२० साली ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी समाजवादावर आक्षेप घेतला की उत्पादन साधनांचा बाजार नसेल तर त्यांना किंमत नसेल, आणि किंमत नसेल तर कोणता मार्ग काटकसरीचा हे ठरवता येणार नाही. रशियातल्या नेपआधीच्या वर्षांत हे प्रत्यक्ष दिसते. प्रत्येक उद्योगशाखेचे मध्यवर्ती मंडळ होते, काडेपेट्यांसाठीसुद्धा. प्रत्येकाला आपल्या मालाची माहिती होती, पण एकाचा माल दुसऱ्याला वेळेवर मिळत नव्हता.

नेपच्या काळात नेतृत्वाने हे ओळखले. ऑक्टोबर १९२२ मध्ये चेर्वोनेत्स हे नवे चलन आले, एका चेर्वोनेत्सची किंमत ७.७४ ग्रॅम सोन्याइतकी. पैशाला पुन्हा किंमत येऊ लागली. पण १९२३ मध्ये नवे संकट आले. कारखान्याच्या मालाच्या किमती १९१३ च्या अडीच पटीपेक्षा वर आणि शेतमालाच्या १९१३ पेक्षाही खाली. आलेखावर दोन रेषा कात्रीच्या पात्यांसारख्या फाकलेल्या, म्हणून त्रोत्स्कीने याला 'कात्री' म्हटले. सरकारी कारखाने मक्तेदार झाले होते आणि मक्तेदारासारखे वागत होते. सरकारने त्यांच्या किमती उतरवायला लावल्या तेव्हा कात्री मिटत गेली.

तरी बाजार हेच एकमेव उत्तर, असे मला वाटत नाही. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या (पूर्वीच्या पेट्रोग्राडच्या) एका प्लायवूड उद्योगाने गणिती कान्तोरोविच यांना विचारले की वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे लाकूड कसे वाटले तर उत्पादन जास्तीत जास्त होईल. त्यातून निघालेल्या पद्धतीला आपण रेषीय प्रायोजन (लिनियर प्रोग्रॅमिंग) म्हणतो. त्या गणितातून प्रत्येक दुर्मीळ साधनाची एक छायाकिंमत (ते साधन आणखी थोडे मिळाले तर उत्पादन किती वाढेल, तो आकडा) आपोआप निघते, बाजार नसतानाही. याच कामासाठी त्यांना १९७५ चे नोबेल मिळाले. त्यांच्याच देशात मात्र या पद्धतीकडे वर्षानुवर्षे संशयाने पाहिले गेले.

गणिताने एक गोष्ट सुटत नाही. समोरचा माणूस आकडा खरा सांगेल का? कोरडवाहू यांच्या आजोबांचे पेव हा माझ्या मते अर्थशास्त्राचाच धडा आहे. ज्याच्याकडून काढून घ्यायचे असते त्याच्याकडून खरी माहिती मिळत नाही. पुढे पंचवार्षिक योजनेतले कारखान्यांचे व्यवस्थापकही साठा लपवत आणि क्षमता कमी सांगत. तेही पेवच.

अनंत_सांगली

मी विरोधी बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो.

नेपने युद्धापूर्वीची पातळी गाठली, मान्य. पण ती पातळी म्हणजे लाकडी नांगर आणि झारच्या काळातली यंत्रं. फेब्रुवारी १९३१ मध्ये स्टालिन म्हणाला होता की आपण पुढारलेल्या देशांच्या ५० ते १०० वर्षं मागे आहोत आणि हे अंतर दहा वर्षांत कापायचं आहे. सुमारे दहा वर्षांनी, जून १९४१ मध्ये, हिटलरचं सैन्य आत आलं. नव्याने उभारलेल्या मॅग्निटोगोर्स्कचं पोलाद आणि उरलपलीकडचे कारखाने नसते तर काय झालं असतं? ९ ते ४९ वयोगटात १८९७ च्या जनगणनेत २८ टक्के साक्षर होते, १९३९ मध्ये ८७ टक्के.

भांडवल कुठून तरी येणारच होतं. वसाहती नव्हत्या, परदेशी कर्ज मिळत नव्हतं. मग शेतीशिवाय दुसरीकडून कुठून आणणार? बोल्शेविक अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्कीने १९२४ मध्ये हेच मांडलं. ते कठोर होतं, पण प्रामाणिक होतं. शेतकऱ्याला सांभाळून सावकाश जा म्हणणाऱ्या बुखारिनच्या गोगलगायीच्या चालीने जाऊन १९४१ पर्यंत कुठे पोचला असता देश?

कोरडवाहू

अनंतराव, हा या धाग्यातला सर्वांत अवघड प्रतिसाद आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

१९४१ चा मुद्दा मी झटकून टाकत नाही. पण प्रेओब्राझेन्स्कीने सुचवलं होतं ते किमतींमधून, शेतकऱ्याला थोडा कमी भाव देऊन भांडवल उभं करणं. (चाकणच्या १९८० च्या कांदा आंदोलनापासून शरद जोशी ज्या गोष्टीवर बोट ठेवत आले तीच ही. फरक एवढाच की रशियात ती उघडपणे छापून, नाव घेऊन मांडली गेली.) प्रत्यक्षात झालं ते वेगळं. १९२७-२८ च्या हिवाळ्यात सरकारला धान्य कमी मिळालं, कारण सरकारी भाव कमी होता. भाव वाढवण्याऐवजी स्टालिन जानेवारी १९२८ मध्ये स्वतः सायबेरियात गेला आणि साठेबाजीचं फौजदारी कलम शेतकऱ्यांवर लावायला सांगितलं. १९२९ च्या अखेरीस सक्तीची सामूहिक शेती. मार्च १९३० पर्यंत निम्म्याहून जास्त घरं कागदावर सामूहिक झाली होती. 'यशाची झिंग' चढल्याचा स्टालिनचा लेख आला, जरा ढिलाई झाली, आणि काही महिन्यांत हा आकडा चौथ्या हिश्श्यावर आला. लोकांना मोकळं सोडलं तर ते काय करतात ते त्या काही महिन्यांत दिसलं.

सामूहिक शेतात द्यायच्या आधी शेतकऱ्यांनी जनावरं कापली, उरलेली चाऱ्यावाचून मेली. १९२८ ते १९३३ मध्ये घोडे निम्म्यावर आले. मग ट्रॅक्टर कुठे गेले? बरेचसे त्या मेलेल्या घोड्यांची जागा भरायला. म्हणजे शेतीतून काढलं त्यातलं किती तरी शेतीतच परत घालावं लागलं. १९३१ मध्ये ५० लाख टनांच्या वर धान्य परदेशी गेलं, आणि १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ, उत्तर कॉकेशस इथे मिळून ५० ते ७० लाख माणसं उपाशी मेली. उपाशी माणसं शहराकडे निघाली तेव्हा वाटा अडवल्या गेल्या. डिसेंबर १९३२ मध्ये शहरी लोकांना अंतर्गत पासपोर्ट आले, सामूहिक शेतावरच्या लोकांना नाही. त्यांना ते सर्रास मिळायला १९७४ चा निर्णय यावा लागला.

हे लिहिताना हात थांबतो. साक्षरतेचा आकडा खरा आहे. उपासमारीने मेलेल्यांचा हाही खरा आहे. पहिल्यासाठी दुसरा लागलाच असता, हे मात्र मला कुठेच सिद्ध झालेलं दिसत नाही.

अनंत_सांगली

घोड्यांचा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. बाकी मत बदललेलं नाही, पण १९३२-३३ बद्दल 'कठोर' हा शब्द मी मागे घेतो. तो फार लहान आहे.

शाळामास्तर

मग दुसरी वाट होती का? कोरडवाहू, तुम्ही अजून ते सांगितलं नाहीत.

कोरडवाहू

मला एक माणूस सापडलाय, अलेक्सांद्र चायानोव्ह. शेतीचा अर्थशास्त्रज्ञ. त्याचा मुद्दा असा की शेतकरी कुटुंब हे छोटं भांडवलदार दुकान नसतं. ते नफा मोजत नाही. घरात खाणारी तोंडं किती, राबणारे हात किती, आणि आणखी एक दिवस राबणं सोसेल का, हे मोजतं. म्हणून शेतं एकत्र करू नका. दूध, जवस, विक्री, कर्ज, यंत्रं एकत्र करा. नांगरणी घरची, लोण्याचा कारखाना सगळ्यांचा. हे स्वप्नरंजन नव्हतं. क्रांतीआधीच सायबेरियातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं लोणी लंडनच्या बाजारात जात होतं. लेनिननेही १९२३ मध्ये, शेवटच्या आजारपणात, सहकारावर नव्याने लिहिलं.

हे वाचल्यावर मला आपलं प्रवरानगर आठवलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभं केलेलं, ऊस ज्याचा त्याचा आणि कारखाना सभासदांचा. चायानोव्हला १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घातली. त्याच्या वाटेची रशियात नीट परीक्षाच झाली नाही.

उसाचा_फड

नेहमी फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं. मी बीडचा. आई-वडील सव्वीस वर्षं ऊसतोडीला गेले. प्रवरानगरचं नाव निघालं म्हणून सांगतो. कारखाना सभासदांचा, बरोबर. सभासद म्हणजे ज्याच्याकडे ऊस आहे तो. आमच्याकडे ऊस नव्हता, कोयता होता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर निघायचं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. आईचं नाव सव्वीस वर्षांत कुठल्या कागदावर आलं नाही. मृण्मयीताई, तुमचं माप आम्हाला असंच भेटलं.

चायानोव्हच्या हिशेबात कुटुंबाकडे जमीन असते. ज्याच्याकडे नाही त्याचं काय?

कोरडवाहू

दादा, त्याच्या हिशेबात तुमच्या आई-वडिलांना जागा नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं.

रशियात भूमिहीनांचं काय झालं तेवढं सांगतो. १९१८ च्या उन्हाळ्यात गरिबांच्या समित्या काढल्या होत्या, शेजाऱ्याचं धान्य शोधून काढायला. त्यातून गावात वैर वाढलं आणि वर्षाअखेर त्या गुंडाळल्या. पण तोंडं मोजून वाटणी झाल्यामुळे पूर्वीच्या पुष्कळ भूमिहीनांना पट्टा मिळाला. तरी नेपच्या काळातसुद्धा लाखो घरांत घोडा नव्हता. पट्टा आहे पण नांगरायला काही नाही. मग तो पट्टा घोडेवाल्याला लावून द्यायचा आणि त्याच्याच हाताखाली, आपल्याच जमिनीवर, मजुरीने राबायचं. कागदावर कधी कधी उलटंच दिसायचं, की घोडेवाला 'भाड्याने आला' आणि पट्टेवाला 'मालक'.

उसाचा_फड

आमच्या गावात सीलिंगची जमीन मिळालेल्या दोन घरांचं हेच झालं. सातबारा त्यांचा, औत दुसऱ्याचं. जमीन बटईने गेली आणि ती दोन्ही घरं आमच्याबरोबर तोडीला यायची.